दुसऱ्यांचं संशोधन वाचण्याचं काम

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं जगणं-वाचणं बरंचसं त्याच्या फुप्फुसांवर असतं. फुप्फुसं उघडी ठेवणारा सर्फॅक्टंट तोवर पुरेसा तयार झालेला नसतो. बाळ जिवाच्या आकांताने श्वास घेतं, पण सोडल्याबरोबर फुप्फुसं मिटतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स हे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते. प्रसूती सुरू कशामुळे होते, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यांच्या लक्षात आलं, की पोटात असतानाच स्टिरॉइड मिळालेली कोकरं, जगणं शक्य नाही इतक्या लवकर जन्मूनही श्वास घेतायत. मग बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना बरोबर घेऊन त्यांनी २८२ मातांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापला. स्टिरॉइड न मिळालेल्या गटात पहिल्या काही दिवसांत १५ टक्के बाळं गेली होती, मिळालेल्या गटात ३.२ टक्के.

इंजेक्शन स्वस्त होतं, द्यायला सोपं होतं. तरीही पुढची जवळजवळ वीस वर्षं बहुतेक प्रसूतितज्ज्ञ ते देत नव्हते, आणि त्यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. नंतरच्या चाचण्या लहान होत्या. एकीत फायदा दिसे, दुसरीत ‘फरक नक्की सांगता येत नाही’ असं येई. ज्याच्या हाती जो पेपर पडला, त्याचं मत तसं झालं. सगळ्या चाचण्या शोधून एकत्र मांडण्याचं काम, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, थेट १९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाकडून प्रसिद्ध झालं. अपरिपक्वतेमुळे होणारे मृत्यू ३० ते ५० टक्क्यांनी कमी होण्याची शक्यता त्यातून दिसली. म्हणजे उत्तर हाताशी होतं, फक्त ते वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेलं होतं.

असे रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचं बोधचिन्ह तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्यातल्या सात आडव्या रेषा म्हणजे यातल्याच सात चाचण्या. रेषा जितकी लांब तितकी त्या चाचणीची अनिश्चितता जास्त. मधली उभी रेषा म्हणजे ‘काहीच फरक नाही’. बहुतेक आडव्या रेषा तिला छेदून जातात, म्हणून एकेकटी चाचणी ठाम काही बोलत नाही. आणि खाली, उभ्या रेषेला न शिवता, डावीकडे पत्त्यांतल्या चौकटसारखा एक छोटा आकार आहे. तो सातही जणींचा मिळून निकाल. रिव्ह्यू कसा करायचा हे मी शिकवते; पहिल्या तासाला मी हे चित्र फळ्यावर काढते आणि विद्यार्थ्यांना एकच विचारते : यातली कुठली एक रेषा वाचून तुम्ही आईला सल्ला दिला असता?

ऑक्सफर्डच्या त्या गटाचे प्रमुख होते इयन चॅमर्स. तरुणपणी, १९६९-७० मध्ये, ते गाझातल्या पॅलेस्टिनी निर्वासितांमध्ये डॉक्टर होते. गोवर झालेल्या मुलांना जंतुसंसर्ग दिसल्याशिवाय प्रतिजैविकं द्यायची नाहीत, असं त्यांना वैद्यकीय शिक्षणात शिकवलं होतं आणि ते प्रामाणिकपणे तसंच वागले. आधीच दिली तर फायदा होतो हे सुचवणाऱ्या चाचण्या तेव्हा झालेल्या होत्या, हे त्यांना फार उशिरा कळलं. आपल्या हातून काही मुलं त्यामुळे दगावली असावीत, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी १९७९ मध्ये वैद्यकीय पेशावर ठपका ठेवला होता, की चाचण्यांचा विषयवार, चिकित्सक आणि वेळोवेळी अद्ययावत होणारा गोषवारा तुम्ही कधी केलाच नाही. चॅमर्स यांनी ते काम अंगावर घेतलं. १९९२ मध्ये ऑक्सफर्डला केंद्र निघालं, १९९३ मध्ये कॉक्रेन यांच्याच नावाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली.

‘रिव्ह्यू ठीक आहे, पण तुमचं स्वतःचं संशोधन काय?’ हे मला नोकरीभर विचारलं गेलं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू हेच माझं संशोधन आहे, आणि त्याला दुय्यम समजण्याची किंमत रुग्ण मोजतात. हृदयविकाराच्या झटक्यात देण्याच्या स्ट्रेप्टोकायनेज या रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचं उदाहरण घ्या. १९५९ ते १९८८ या काळात त्याच्या ३३ चाचण्या झाल्या. १९९२ मध्ये एका अमेरिकी गटाने त्या कालक्रमाने एकेक मिळवत नेल्या. १९७३ पर्यंतच्या आठ चाचण्यांतच उत्तर स्पष्ट झालेलं होतं. उरलेल्या २५ चाचण्यांत ३४,५४२ रुग्ण होते, आणि त्यांच्यामुळे निष्कर्ष जवळपास बदलला नाही. त्यातल्या तुलनेच्या गटातल्या माणसांना जीव वाचवणारं औषध मिळालं नाही. नवीन चाचणी सुरू करण्याआधी जुन्या वाचणं ही नीतीची बाब आहे, असं मी म्हणते ते यासाठी.

आता याची दुसरी बाजू, आणि ती आपल्या घराजवळची आहे.

बाळांसाठीच्या त्याच स्टिरॉइडचं पुढे काय झालं? पुरावा इतका भक्कम, मग गरीब देशांत गावपातळीवर सर्रास का देऊ नये, असा विचार झाला. सहा देशांत मोठी चाचणी झाली, भारतात ती नागपूर आणि बेळगाव भागात. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. साधारण एक लाख जन्मांची ही चाचणी. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. सगळी बाळं मिळून पाहिली तर स्टिरॉइडचा कार्यक्रम राबवलेल्या भागांत हजारामागे साडेतीन मृत्यू जास्त होते, आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त.

आधीचे रिव्ह्यू चूक होते का? नव्हते. पण त्यांतल्या चाचण्या मुख्यतः सुसज्ज रुग्णालयांतल्या होत्या. गावात गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या तारखेवरून किंवा पोटाच्या मापावरून ठरतं, त्यामुळे ज्यांचे दिवस जवळजवळ भरलेले होते अशा कितीतरी बायांना इंजेक्शन मिळालं. आणि फुप्फुसं थोडी लवकर तयार झाली तरी पुढे ऊब, ऑक्सिजन, संसर्गावर उपचार हे सगळं लागतंच. मग जागतिक आरोग्य संघटनेने बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान इथल्या २९ रुग्णालयांत पुन्हा चाचणी घेतली. सोनोग्राफीने वय पक्कं केलेल्या २,८५२ स्त्रिया, आणि नवजाताची बऱ्यापैकी काळजी घेऊ शकणारी रुग्णालयं. २०२० च्या निष्कर्षात नवजातांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आलेले दिसले. औषध तेच होतं.

मला माझ्या विषयात सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर ही तीन टप्प्यांची गोष्ट. चाचण्यांच्या आकड्यांची बेरीज करणं सॉफ्टवेअर शिकवतं, एका दुपारचं काम आहे. ही बेरीज कुणाची, कुठल्या दवाखान्यातली, आणि समोरची बाई त्यात बसते का, हे विचारायची सवय लागायला वर्षं जातात. माझ्या वर्गात नागपूरची पीजी विद्यार्थिनी असते, गडचिरोलीत काम करून आलेला मुलगा असतो. तालुक्याच्या रुग्णालयात बाळाला ऊब देणारा वॉर्मर चालू आहे की नाही हे त्यांना ठाऊक असतं. हा प्रश्न ते माझ्याआधी विचारतात, आणि ते ऐकताना शिकवण्याचा खरा आनंद होतो.

बेरजेत काय घातलंय, हाही प्रश्न आहेच. मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. रुग्णालयांत खाटा नव्हत्या, माणसं जात होती. काहीतरी करायला हवं हा दबाव मी समजू शकते. त्या काळात आयव्हरमेक्टिनच्या बाजूने मेटा-ॲनॅलिसिसही, म्हणजे अनेक अभ्यासांच्या आकड्यांच्या अशा बेरजा, दाखवले जात होते. पण त्यांतल्या मोठ्या आकड्यांमागे इजिप्तमधला एक अभ्यास होता. लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने त्याची मूळ माहिती उघडून पाहिली. अभ्यास सुरू होण्याआधीच मरण पावलेले रुग्ण त्यात नोंदलेले होते, काही नोंदी एकमेकींच्या नकला वाटत होत्या. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास परीक्षणाआधीचे पेपर ठेवणाऱ्या संकेतस्थळावरून काढला गेला. तो वगळल्यावर मृत्यू कमी होण्याचा दावा बराचसा विरला. त्याच महिन्यात आलेल्या कॉक्रेन रिव्ह्यूत १४ अभ्यास होते, आणि फायदा होतो असं म्हणण्याइतका भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक पेपर दोघं जण वाचतात, एकमेकांना न विचारता. घ्यायचा की सोडायचा हे दोघं वेगवेगळं ठरवतात आणि मग समोरासमोर बसून मतभेद मिटवतात. विद्यार्थ्यांना सुरुवातीला हे वेळखाऊ वाटतं. पण एकाने ‘रँडमाइज्ड’, म्हणजे कुणाला कुठला उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेली, असं समजून घेतलेल्या चाचणीत रुग्ण सोमवार-मंगळवार असे वारांप्रमाणे वाटले होते, हे दुसरा दाखवतो, तेव्हा सगळा वर्ग कान टवकारतो. वार आधीच माहीत असेल तर कुठला रुग्ण कुठल्या दिवशी दाखल करायचा हे डॉक्टरच्या हातात जातं, आणि तुलना तिथेच बिघडते.

आपल्याकडे परिस्थिती सुधारली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) खर्चाने २००७ मध्ये कॉक्रेन लायब्ररी भारतात सर्वांसाठी खुली झाली. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांच्या बढतीसाठी २०१५ मध्ये फक्त मूळ संशोधनाचे पेपर धरले जात होते; २०२० च्या नियमांत सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि मेटा-ॲनॅलिसिसही आले. याचं मी मनापासून स्वागत केलं. मात्र बढतीसाठी घाईने केलेले रिव्ह्यूही आता परीक्षणाला येतात, एकाच विषयावर दोन-दोन, तीन-तीन, शोध अर्धवट केलेले. तेव्हा थिसिसचे गाईड असलेल्या सहकाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, द्यायच्या आधी विद्यार्थ्याला त्या विषयावरचे रिव्ह्यू शोधायला लावा. सापडला तर त्यातली एखादी भारतीय चाचणी घेऊन सीटीआरआय उघडा. २००७ मध्ये सुरू झालेली ही भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही आहे, आणि २००९ पासून चाचणीची आगाऊ नोंद सक्तीची झाली. तिथे आधी काय मोजू म्हटलं होतं आणि पेपरात काय मोजलं, हे दोन रकान्यांत लिहायला सांगा. तफावत दिसली तर लेखकांना पत्र पाठवायचं. उत्तर आलं तर नोंदवायचं, महिन्याभरात नाही आलं तर ‘उत्तर मिळाले नाही’ असं तारखेसह लिहायचं, आणि पुढचा पेपर घ्यायचा.