बाराव्या वर्षी प्रमाणपत्र, चौदाव्या वर्षी रस्ता
(अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

मंडळी, पहिला बर्फ पडला की आपल्या मुलांचा धोशा सुरू होतो, ‘मी स्नोमोबाईल कधी चालवायची?’ शनिवारी शेजारचे काका ट्रेलरवर दोन स्लेड, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या याच गाड्या, चढवून मुलाला घेऊन उत्तरेला निघालेले असतात, ते ही मुलं बघतात. आपण पुण्या-नागपुराकडून आलेलो, आपल्या लहानपणी हे यंत्रच नव्हतं. मग उत्तर काय द्यायचं?

आधी कायदा बघू. 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्या मिनेसोटाच्या रहिवाशाला स्नोमोबाईल चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. म्हणजे इथे बसलेल्या बऱ्याच आईवडिलांनाही लागतं! मुलांना त्यासाठीच्या वर्गाला 11 व्या वर्षी बसता येतं, पण प्रमाणपत्र लागू होतं 12 पूर्ण झाल्यावर. सोळा आणि त्यापुढच्यांना ऑनलाइन अभ्यासक्रम पुरतो, त्याहून लहानांना मात्र प्रत्यक्ष स्लेड चालवून दाखवावी लागते. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात गेलात तर तिथली जन्मतारखेची अट वेगळी आहे, 1 जानेवारी 1985. आपल्या मिनेसोटात अठराखालच्या मुलाला सार्वजनिक जागी हेल्मेट सक्तीचं आहे. त्यावर घरात वाद होऊच देऊ नका.

आता मला ज्यासाठी बोलायचं होतं तो मुद्दा. बारा वर्षांचं मूल प्रमाणपत्र खिशात ठेवून सार्वजनिक ट्रेलवर, म्हणजे स्लेडसाठी आखलेल्या वाटेवर, एकटं जाऊ शकतं. पण चौदा पूर्ण होईपर्यंत त्याला महामार्ग किंवा काउंटीचा (इथल्या जिल्ह्याचा) मोठा रस्ता स्लेडवरून ओलांडता येत नाही. वर्गात हे सांगितलं की पालक मान डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. आपले ट्रेल गावांमधून, शेतांच्या कडेनं जातात, वाटेत रस्ते आडवे येतातच. तेराव्या वर्षाचा मुलगा तिथवर पोचला की मोठ्या माणसानं त्याची स्लेड पलीकडे न्यायची. सोबत मोठं कोणी नसेल तर मुलानं तिथूनच मागे फिरायचं.

हा नियम मला मनापासून पटतो. ओलांडताना काय काय करावं लागतं बघा. रस्त्याच्या कडेआधी स्लेड पूर्ण थांबवायची, येणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं, मग सरळ काटकोनात पलीकडे जायचं, पुढचे-मागचे दिवे लावलेले. त्यात हेल्मेट आणि इंजिनाचा आवाज, म्हणजे कानांवर भिस्त ठेवता येत नाही. कडेला बर्फ हटवणाऱ्या गाडीनं लोटलेल्या बर्फाचा ढीग असतो, त्यावर चढल्याशिवाय रस्ता दिसत नाही. डांबरावर आल्यावर स्लेडच्या पुढच्या पट्ट्या, म्हणजे स्की, घसरतात, वळत नाहीत. आणि पन्नास-साठ मैलांच्या वेगानं येणारी गाडी किती जवळ आहे, हा अंदाज मोठ्यांचाही चुकतो. बाराव्या वर्षी हात यंत्रावर बसतात, हा अंदाज बसलेला नसतो.

यंत्राचंही तसंच. मुलांसाठीची 120 सीसीची छोटी स्लेड वेगळी, आणि तुमची सव्वादोनशे-अडीचशे किलोची वेगळी. ती अंगावर उलटली तर मुलाला ती उचलता येणार नाही. ‘थोडा वेळ माझी चालव’ असं म्हणू नका. मालकानं नियमाविरुद्ध चालवू दिलं तर इथला कायदा मालकालाही दोषी धरतो.

तळ्याच्या बर्फाबद्दल थोडक्यात. स्नोमोबाईलसाठी नवा, पारदर्शक बर्फ किमान पाच ते सात इंच हवा, पांढरा असेल तर दुप्पट. कालचा माग दिसतो म्हणून आज बर्फ तितकाच आहे, असं धरू नका. पहारीनं किंवा ड्रिलनं मोजा, आणि मोजताना मुलाला सोबत घ्या.

‘मग बाराव्या वर्षी द्यावी का?’ अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सोळाखाली चालवूच नये म्हणते, आणि सहाखालच्याला मागेही बसवू नये म्हणते. कायदा बारा म्हणतो. माझं मत डॉक्टरांच्या बाजूला झुकतं. चौदापर्यंत छोटी स्लेड, तुमच्या नजरेसमोर, रस्ता नसलेल्या मोकळ्या जागी. आणि सोळापर्यंत एकट्यानं ट्रेलवर नाही.

वर्गात नाव मात्र आत्ताच घाला. आणि तोवर एक सराव करा. काउंटी रस्त्याच्या कडेला सुरक्षित अंतरावर मुलासोबत उभे राहा. लांबवर गाडी दिसली की त्याला विचारा, आपल्यापर्यंत यायला हिला किती सेकंद लागतील? मग दोघं मिळून मोजा. त्याचं उत्तर दर वेळी बरोबर यायला लागेपर्यंत हे करत राहा.