अळीचा माग वासावरून

श्रोतेहो, नमस्कार.

कोबीच्या पानावर मरायला टेकलेल्या अळीभोवती कधीकधी पिवळ्या रेशमी कोषांचा झुबका दिसतो. ही अळीची अंडी असावीत असं समजून तो चिरडला जातो. कृपा करून तो चिरडू नका. कोटेशिया नावाच्या, दोन-तीन मिलिमीटरच्या परोपजीवी गांधीलमाशीचे ते कोष आहेत. मादीने जिवंत अळीच्या अंगात अंडी घातली, त्यांतली पिल्लं आत वाढली आणि बाहेर येऊन त्यांनी कोष विणले.

एवढ्याशा माशीला पिकाच्या गर्दीत अळी सापडते ती वासावरून. पण दुरून येणारा वास अळीचा नसतोच, तो झाडाचा असतो. अळीचा स्वतःचा वास इतका पुसट, की तो दूर पोहोचत नाही. पान कुरतडलं की लगेच कापलेल्या गवतासारखा वास सुटतो. तो कात्री लावली तरी येतो, म्हणून त्यावरून अळीची खात्री होत नाही. खरी खूण काही तासांनी उमटते. अळीची लाळ जखमेत उतरली की झाड टर्पीन गटातले वास तयार करतं, आणि अळी न लागलेल्या पानांतूनही ते सोडतं. मक्याची रोपं नुसती ओरखडली तर हे वास थोडे, जखमेला लाळ लावली तर भरपूर, हे १९९० मध्ये दिसून आलं. लाळेतला तो पदार्थ, व्होलिसिटिन, १९९७ मध्ये ओळखला गेला. हे वास मुख्यतः दिवसाउजेडी सुटतात, आणि माशीही दिवसाच उडते.

झाडापर्यंत पोहोचलं तरी अळी कुठल्या पानाआड आहे ते कळत नाही. मग मादी पानावर उतरते आणि चालता चालता मिशांची टोकं पानावर टपटप आपटत जाते. अळीची विष्ठा, लाळेचा डाग, रेशमाचा धागा लागला की चाल मंदावते, ती तिथल्या तिथे घुटमळते. त्या जागी अळी मिळाली तर तिथला वास तिच्या लक्षात राहतो आणि पुढच्या वेळी ती त्याच वासाकडे झेपावते. ही शिकण्याची ताकद मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते.

ट्रायकोग्रामाची अडचण निराळी. अर्धा मिलिमीटरची ही माशी पतंगाच्या अंड्यात अंडी घालते, आणि अंडं काही पान कुरतडत नाही. म्हणून ती पतंगाचा माग काढते. मादी पतंगाने रात्री सोडलेला कामगंध पानांना चिकटून राहतो, तो तिला दिवसा कळतो. पंखांवरून गळलेले खवले लागले की ती तिथेच शोध घेते.

ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा लागलेली अंडी चिकटवलेला कागद, लावताना हे ध्यानात ठेवा. शेतात पतंग दिसू लागले, अंडी पडू लागली की कार्ड लावायचं. अळ्या मोठ्या झाल्यावर लावलं तर उपयोग नाही, कारण ही माशी अळीला हात लावत नाही. ती फार लांब उडत नाही, तेव्हा कार्डाचे तुकडे करून ते शेतभर विखरून, पानाच्या खालच्या बाजूला टाचा. ऊन-पाऊस लागत नाही. वेळ संध्याकाळची किंवा सकाळी लवकरची. माश्या निघायच्या बेतात असतानाच कार्ड लावा, नाहीतर मुंग्या कार्डावरची अंडी पळवतात. आधी आणि नंतर काही दिवस रासायनिक कीटकनाशक नको. काही औषधं इतक्या कमी मात्रेतही घात करतात, की माशी मरत नाही पण तिची वास ओळखण्याची क्षमता बिघडते. बांधावर फुलं असू द्या. उपाशी मादी अळी सोडून मधाच्या वासामागे जाते.

चार-पाच दिवसांनी भिंगातून पानावरची अंडी पाहा. उबायला आलेल्या निरोगी अंड्यात अळीच्या डोक्याचा काळा ठिपका दिसतो. ट्रायकोग्रामा लागलेलं अंडं मात्र सबंध काळंभोर होतं. ती पानं तोडू नका.