तंबूत किती उजेड हवा?

नमस्कार, श्रोतेहो. तंबूसाठी दिवा घ्यायला गेलात की दुकानदार आधी वॅट सांगतो. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेड किती देतो, ते ल्युमेनवरून कळतं. घरातला जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ८०० ल्युमेनचा, मेणबत्ती जेमतेम १२ ची. एवढं कानात राहू द्या: बल्ब ८००, मेणबत्ती १२.

आता राजमाची गडावरची गोष्ट सांगतो. मे सरत आला होता. लोणावळ्याहून चालत आम्ही पाच जण गडाखालच्या उधेवाडीत पोचलो, काजवे बघायला. एकाने नवाकोरा दिवा आणलेला, हजार ल्युमेनचा. लग्नातल्या व्हिडिओवाल्यासारखा सगळ्यांच्या तोंडावर मारत होता. अंगणात आंब्याला टांगला आणि पाच मिनिटांत अख्ख्या रानातले किडे जेवायला आले. पिठल्यात पाखरं पडायला लागली. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकू आतून ओरडल्या, "दादा, तो सूर्य मावळवा की आता!"

मावळवला. तर डोळ्यांपुढे नुसता काळोख, ताटसुद्धा दिसेना. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आम्ही गप्प बसून राहिलो. (गडावर स्पीकर घेऊन येणाऱ्यांबद्दल आज बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांना ही अर्धा तासाची शांतता सक्तीची करावी.) मग ओढ्याकडचं जांभळाचं झाड लुकलुकायला लागलं. आधी खालच्या फांद्या, मग लाट चढावी तसं शेंड्यापर्यंत. आमच्या पठ्ठ्याने फोटोसाठी पुन्हा दिवा लावला, झाड बंद! नर काजवा लुकलुकून मादीला खूण करतो, आपल्या झगझगाटात ती खूण तिला दिसायची कशी?

असो. तंबूत ५० ते १०० ल्युमेन पुरे. पुन्हा सांगतो, तंबूत ५० ते १००. स्वयंपाकाला दीडशे-दोनशे. पायवाटेवर कपाळाला लावायचा दिवा २०० ते ३०० चा. उजेड कमी-जास्त करता येणाराच घ्या आणि पिवळसर घ्या, पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात. लाल उजेडाची सोय असेल तर फारच छान, रात्री उठलात तरी अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत.

आणि हो, उजेड जितका जास्त, तितकी बॅटरी लवकर संपते. पहाटे राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर निघालो तेव्हा हजारवाला मेलेला होता. काकूंनी कोनाड्यातली आपली दोन सेलची बॅटरी काढून दिली. काच तडकलेली, बटणाला रबर गुंडाळलेलं. तिच्या उजेडात पाचही जण वर पोचलो.

देताना म्हणाल्या होत्या, "उजाडलं की विझवा बरं का. रातच्याला मला गोठ्यात जाया लागती."