भिंतीला लागला म्हणजे आउट नाही हो!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत न्यूयॉर्क अ‍ॅरोज या इनडोअर फुटबॉल टीमचं नाव जाता जाता घेतलं, तेव्हापासून कमेंट्समध्ये एकच धोशा: "दादा, त्या इनडोअर लीगचा पहिला सीझन सांगा." घ्या, सांगतो.

अमेरिका, 1978-79, मेजर इनडोअर सॉकर लीग. टीम सहा: न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, सिनसिनाटी, ह्यूस्टन. प्रत्येकीच्या 24 मॅच. आइस हॉकीच्या रिंकवर टर्फ अंथरलेलं, गोली धरून सहा जण, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, बदली खेळाडू हवे तितके. झालं बेसिक.

आता भिंत. "भिंतीला लागला की आउट ना दादा?" नाही! रिंकच्या चारी बाजूंनी बोर्ड असतात, वर काच. बॉल आपटला तरी खेळ चालू. हा बघा, कॅरम घेऊनच बसलोय. स्ट्रायकर कडेला आपटून परत आला... (टक्) आउट म्हणालात का कधी? बाजूची कड हा तुमचा आणखी एक खेळाडू आहे.

आणि "हे फुटसालच ना?" विचारणाऱ्यांनो, नाही! फुटसाल हाही छोट्या मैदानावरचा फुटबॉलच, पण त्याला भिंत नसते, साइडलाइन असते, बॉल मुद्दाम कमी उसळणारा. 2016 मध्ये रोनाल्डिन्हो गोव्याच्या टीमकडून खेळला ना, ते फुटसाल. दर आठवड्याला हे लिहितोय मी. दर आठवड्याला!

भिंतीचं मी इतकं का लावून धरलंय? न्यू जर्सीला आतेभावाकडे गेलो होतो, तेव्हा त्याच्या रविवारच्या टीममध्ये घुसलो. बॉल बोर्डला लागला. आपल्या टर्फवर जाळीला लागला की थांबायची सवय, तसा मी हात वर करून उभा. बाकी नऊ-दहा जण माझ्या बाजूने धावत गेले आणि गोल. आतेभाऊ शुद्ध मराठीत जे ओरडला ते इथे सांगता येणार नाही.

बरं, भिंतीचा आणखी एक उपयोग. रिंकवर दोन लाल रेषा आणि मधली हाफलाइन. या तिन्ही रेषांवरून बॉल हवेतून, कुणालाही न लागता, सरळ पुढे मारला की फाउल. गोलीने लांबलचक किक मारून मधला सगळा खेळ गिळून टाकू नये म्हणून. पण वाटेत बॉल भिंतीला लागला तर? तर चालतं! म्हणून हुशार गोली सरळ मारतच नाही, बोर्डवर मारतो. पुन्हा कॅरमच. (टक्)

तर सीझन. 22 डिसेंबर 1978, नॅसाऊ कोलिझियम. नाव न्यूयॉर्क, पण स्टेडियम लाँग आयलंडला. आपल्याकडे नवी मुंबईत खेळून मुंबई म्हणतात तसंच. प्रेक्षक 10,386. पहिली किक मारली बेसबॉलवाल्या पीट रोझने, कारण सिनसिनाटी किड्समध्ये त्याची भागी होती. अ‍ॅरोजने त्याच्याच टीमला 7-2 हरवलं. पाहुणचार!

मग अ‍ॅरोजकडे आला स्टीव्ह झुंगुल, युगोस्लाव्हियातल्या हायडुक स्प्लिटचा. 18 मॅचमध्ये 43 गोल. आकडा चुकलेला नाही, कमेंट करू नका. चुकलेला शॉट भिंत परत गोलसमोर आणून टाकते. तिथे नाक खुपसून उभ्या राहणाऱ्याची चंगळ.

"साखळीत ह्यूस्टन पहिली, मग कप न्यूयॉर्कला कसा? सेटिंग!" अहो, आयपीएल बघता ना? ह्यूस्टन 18 जिंकली, 6 हरली; न्यूयॉर्क 16 जिंकली, 8 हरली; पण प्लेऑफ वेगळं. फायनलमध्ये अ‍ॅरोजने फिलाडेल्फियाला सरळ दोन मॅच जिंकून 2-0 ने उडवलं. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू मात्र झुंगुल नव्हे, गोली शेप मेसिंग. पुढचे तीन कपही अ‍ॅरोजचेच. पीट रोझची किड्स एका सीझनमध्ये गुंडाळली.

थांबा, आतेभावाचा मेसेज आलाय: "भिंतीचा किस्सा परत सांगितलास का?"

सांगितला रे बाबा. (टक्)