ग्योंगबोकगुंग: परत उभा राहणारा राजवाडा

(दृश्य: सकाळ. ग्वांगह्वामुनचा दरवाजा, मागे बुगाकसान डोंगर.)

सोल शहराच्या भर रहदारीत ग्योंगबोकगुंग राजवाड्याचा हा दरवाजा उभा आहे. ग्वांगह्वामुन. काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरं. ही पाटी २०२३ मध्ये लावली, आणि दरवाजाचं आजचं लाकूडकाम २०१० सालचं. हे ऐकून काही पर्यटक हिरमुसतात. मला मात्र यातच या जागेचं मोल दिसतं.

कोरियावर राज्य करणाऱ्या जोसोन घराण्याचा हा मुख्य राजवाडा १३९५ मध्ये बांधला गेला. १५९२ च्या जपानी स्वारीत तो जळाला आणि पुढची जवळजवळ पावणेतीनशे वर्षं इथे नुसती जोती उरली. १८६७ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. मग जपानची सत्ता आली. बऱ्याच इमारती पाडल्या गेल्या, आणि १९२६ मध्ये दरबाराच्या थेट पुढ्यात वसाहत सरकारची प्रचंड दगडी इमारत उभी राहिली. शहरातून पाहिलं तर दरबार दिसेनासा झाला. कोरियाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, १५ ऑगस्ट १९९५ ला, तिच्या घुमटाचा कळस उतरवण्यात आला. पुढच्या वर्षी ती इमारत उरली नाही.

(दृश्य: ग्युनजोंगजोनचं अंगण. कॅमेरा जमिनीलगत.)

आता दरबाराचं अंगण. सगळ्यांच्या नजरा छताकडे जातात. तुम्ही आधी पायाखाली बघा. फरसबंदी मुद्दाम खडबडीत ठेवली आहे, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही आणि पाय घसरत नाही. अंगणाला दक्षिणेकडे हलकासा उतार आहे. पाऊस पडला की पाणी दगडांच्या फटींतून वाट काढत निघून जातं. जमिनीत लोखंडी कड्या दिसतील, त्या मांडवाचे दोर बांधायच्या. दोन्ही बाजूंना दगडी खुणांच्या रांगा आहेत: पूर्वेला मुलकी अधिकारी, पश्चिमेला लष्करी, ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे.

आता वर बघा. छताच्या कडेला छोट्या मूर्ती ओळीनं बसल्या आहेत. परंपरेनं त्यातली पहिली ह्युएन त्संगची मानतात, दुसरी त्याच्या कथेतल्या वानराची. सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला हा भिक्षू इथे राजाच्या छपरावर राखण करतो. ते पाहिलं आणि मला भरून आलं.

(दृश्य: तळ्यातला ग्योंगह्वेरू मंडप. ४८ दगडी खांब. निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.)

बरेच जण इथूनच माघारी वळतात. तुम्ही उत्तरेकडे चालत राहा, पार शेवटच्या कुंपणापर्यंत.

गोनचोंगगुंग. राजा गोजोंगनं १८७३ मध्ये बांधलेलं घर. कोरियातला पहिला विजेचा दिवा १८८७ मध्ये याच आवारात लागला. आणि ८ ऑक्टोबर १८९५ च्या पहाटे, इथेच, जपानी मारेकऱ्यांनी राणी म्योंगसोंगचा खून केला. काही महिन्यांत राजानं हा राजवाडा सोडला आणि रशियन वकिलातीत आश्रय घेतला. ते घरही पुढे पाडलं गेलं. समोर दिसतं ते २००७ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं, नव्यानं बांधलेलं.

बाकी सगळ्या राजवाड्यात तुळयांवर हिरवे, तांबडे, निळे रंग आहेत. इथे नाहीत. गोजोंगनं ते सरदाराच्या वाड्यासारखं साधं बांधून घेतलं होतं, म्हणून नव्यानं बांधतानाही लाकूड कोरंच ठेवलं.

(दृश्य: राणीच्या खोलीचं बंद दार. लाकडाच्या रेषा.)