पाचवा दिवस कुणाला नको आहे?

नमस्कार श्रोतेहो. पाच दिवसांची कसोटी चार दिवसांची करा, ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते. मला ती पटत नाही, ते का ते सांगतो.

1971 सालचा फेब्रुवारी महिना. जमैकात, किंग्स्टनला, भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातल्या कसोटीचा पहिला दिवस पावसानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला तर 75 धावांत भारताचे पाच गडी तंबूत. मैदानावर उभे होते आपल्या मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई. त्यांनी एकनाथ सोलकरला सोबत घेऊन पडझड थांबवली, पुढे प्रसन्नाच्या साथीनं डाव वाढवला आणि 212 धावा केल्या. भारत 387, वेस्ट इंडीज 217. म्हणजे आघाडी 170 धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला बसवायला, 200 धावांची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेल्यामुळे नियमानुसार हा सामना चार दिवसांचा धरला गेला, आणि तिथं 150 पुरतात. आपले कर्णधार अजित वाडेकर थेट वेस्ट इंडीजच्या कर्णधाराकडे, सोबर्सकडे गेले आणि पुन्हा फलंदाजीला या म्हणून सांगून आले.

आता तुम्ही म्हणाल, मग चार दिवसांत काय वाईट आहे? गोंयच्या माणसाचं हे द्विशतक तर चार दिवसांच्या सामन्यातच झालं! खरं आहे. पण त्या सामन्याचं पुढं काय झालं तेही सांगतो. वेस्ट इंडीजनं दुसऱ्या डावात 5 बाद 385 केल्या आणि वेळ संपली. सामना अनिर्णित. एवढं सगळं करून निकाल हाती आला नाही. त्याच मालिकेत पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत भारत जिंकला, सरदेसाईंनी तिथंही शतक काढलं, आणि मालिका 1-0 अशी आपली झाली.

कसोटी चार दिवसांची करा, ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते. चार दिवसांची कसोटी मागणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. गुरुवारी सुरू करा, रविवारी संपवा, शनिवार-रविवार लोक येतील. हॉटेलं, प्रक्षेपण, मैदानावरची माणसं, एक दिवसाचा खर्च वाचेल. आयर्लंड किंवा झिम्बाब्वेसारख्या देशांना हा खर्च खरोखर झेपत नाही. त्यांच्याशी चार दिवसांच्या कसोट्या झाल्याही आहेत: 2017 साली दक्षिण आफ्रिकेत झिम्बाब्वेशी, 2019 साली लॉर्ड्सवर आयर्लंडशी. अशा सामन्यांना माझी हरकत नाही.

आणि पाच हा आकडा काही वेदांत लिहिलेला नाही. 1939 साली डर्बनला मुदतच नसलेली कसोटी झाली. दहा दिवस चालली. 696 धावांचा पाठलाग करणारा इंग्लंडचा संघ 5 बाद 654 वर पोचला होता, पण मायदेशी जाणारी बोट चुकली असती म्हणून सामना तसाच सोडून निघाला! 1971च्या त्या मालिकेतलीच शेवटची कसोटी सहा दिवसांची होती. तेव्हा दिवस कमीजास्त झाले म्हणजे आकाश कोसळतं, असं मला म्हणायचं नाही.

नाटकवेडे श्रोते इथं मला अडवतील. पाच अंकी संगीत नाटकं रात्रभर चालायची, ती तीन अंकी झाली, दोन अंकी झाली, आणि आपल्या गावोगावच्या जत्रांत नाटक अजून जिवंतच आहे. बरोबर. पण दोन अंकी नाटक लेखकानं दोन अंकांसाठीच लिहिलेलं असतं. कसोटीचा पाचवा अंक खेळपट्टी लिहिते. चार दिवस ऊन खाऊन, बुटांच्या खिळ्यांनी उकरून, भेगा पडून ती जी होते, त्यावरच फिरकी गोलंदाजाची कमाई असते. तो दिवस कापला की वेगवान गोलंदाजाचं फारसं बिघडत नाही. मार बसतो तो फिरकीला, आणि फिरकी ही आपली मिरास.

कोलकाता, मार्च 2001. फॉलोऑन मिळालेला भारत 274 धावांनी मागे. चौथा दिवस लक्ष्मण आणि द्रविड यांनी अख्खा खेळून काढला, दिवसभरात एकही गडी पडला नाही. सामना चार दिवसांचा असता तर त्या संध्याकाळी दोघांची पाठ थोपटून सगळे घरी गेले असते. पाचव्या दिवशी डाव घोषित झाला, चहापानानंतर हरभजननं ऑस्ट्रेलियाला गुंडाळलं आणि भारत 171 धावांनी जिंकला. अलीकडचं सांगायचं तर 2025चा इंग्लंड दौरा. पाचही कसोट्या पाचव्या दिवसात गेल्या. ओव्हलवर शेवटच्या सकाळी इंग्लंडला 35 धावा हव्या होत्या आणि हातात चार गडी. तासाभराच्या आत भारत सहा धावांनी जिंकला.

उलट बाजूनं लोक म्हणतात, हल्ली सामने तीन दिवसांतच संपतात, मग पाचवा दिवस ठेवायचा कशाला? जानेवारी 2024 मध्ये केपटाउनला भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी 642 चेंडूंत संपली, निकाल लागलेल्या कसोट्यांत सर्वांत छोटी. (गंमत म्हणजे 1971च्या मालिकेत सरदेसाईंच्या धावाही 642च होत्या.) पण ती तशी संपली खेळपट्टीमुळे. कधी दोन संघांत जोडच नसते. नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्या पर्वरीच्या मैदानावर काय झालं आठवतं ना? रणजीच्या प्लेट, म्हणजे खालच्या, गटात अरुणाचल प्रदेशाविरुद्ध गोव्याचे स्नेहल कवठणकर नाबाद 314, कश्यप बखले नाबाद 300, दोघांची 606 धावांची भागी, रणजीतली सर्वांत मोठी. चार दिवसांचा सामना दोन दिवसांत आटोपला. म्हणून उद्या रणजी दोन दिवसांची करा असं कुणी म्हणालं का?

रणजीवरून एक महत्त्वाची गोष्ट. साखळीतले सामने चार दिवसांचे असतात, आणि तिथं निकाल लागला नाही तर पहिल्या डावातल्या आघाडीवर तीन गुण मिळतात. त्यामुळे पाटा खेळपट्टीवर दोन्ही संघांचा जीव त्या आघाडीतच अडकलेला असतो. दुसरा डाव कित्येकदा उरकायचा म्हणून उरकतात. कसोटीत अशी आघाडीची सोय नाही. जिंका, हरा, नाहीतर वाचवा. दिवस कमी केला की वाचवणं सोपं होतं. महिलांच्या कसोट्या बहुतेक चार दिवसांच्याच असतात. 2022 साली कॅनबेराला इंग्लंडला 257 हव्या होत्या आणि 9 बाद 245 वर खेळ थांबला. जिथं पाचवा दिवस सगळ्यात जास्त हवा, तिथंच तो नाही.

आता हिशेब मांडू. चार दिवसांच्या कसोटीत रोज 98 षटकं टाकायची असतात, म्हणजे एकूण 392. पाच दिवसांची होतात 450. शिवाय पाऊस आला तर भरपाईला जागाच नाही, आणि पावसाचं आम्हा फातोर्ड्याच्या प्रेक्षकांना कुणी सांगायला नको. 2010 साली भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना तिथं एकही चेंडू न पडता गेला.

मला तर ही 98 षटकंच पटत नाहीत. आज 90 पडताना मारामार आहे. दर दोन षटकांनी हातमोजे, पाण्याची बाटली, क्षेत्ररक्षणाची लांबलचक चर्चा, संघाचा फिजिओ मैदानात. प्रेक्षक कंटाळतो तो याला. कापायचं असेल तर इथं कापा. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बोलकं आहे. डिसेंबर 2020 मध्ये मेलबर्नला षटकं संथ टाकली म्हणून जागतिक कसोटी अजिंक्यपदाचे चार गुण गेले, आणि पहिल्या अंतिम सामन्याचं तिकीट न्यूझीलंडला मिळालं. दंडाच्या पैशांनी जे होत नव्हतं ते गुणांनी केलं. आता 2025 पासून कसोटीतही घड्याळ आलंय. षटक संपल्यावर 60 सेकंदांत पुढचं सुरू व्हायला हवं, दोनदा ताकीद, मग पाच धावांचा दंड.

हे घड्याळ दोन-तीन वर्षं कडकपणे चालू द्या. दिवसाला खरोखर नव्वद षटकं पडू लागल्यावरही पाच दिवस कुणाला लांब वाटले, तर त्याला याच केंद्रावर बोलवा. ऐकायला मी बसेन. नमस्कार.