नॉय! : पैसे संपल्यावरची दुसरी बाजू

डिसेंबर १९७१. हॅम्बुर्गमधला स्टुडिओ, हाताशी जेमतेम चार रात्री. आत 'नॉय!' या जर्मन बँडचे दोघंच वादक. गिटारवर मिशाएल रोटर, ड्रम्सवर क्लाउस डिंगर. दोघंही ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या बँडमधून नुकतेच बाहेर पडलेले. रोटर शांत, डिंगर भडक. ध्वनिमुद्रणाला कॉनी प्लांक होता, म्हणून गाडं पुढे सरकलं.

पहिलाच ट्रॅक, 'हालोगालो', दहा मिनिटांचा. डिंगरचा ठेका नीट ऐका. चार मात्रा, एकच वेग, सरळ पुढे. कुठे तिहाई नाही, टाळी घ्यायला थांबणं नाही. समेची वाट बघणारे आपले कान सुरुवातीला जरा गोंधळतात. रोटरच्या लहानपणाची काही वर्षं कराचीत गेली होती. तिथल्या, सुरुवात-शेवट नसल्यासारख्या वाहणाऱ्या संगीताने आपल्याला भुरळ घातली, असं तो सांगत आला आहे. लोक या ठेक्याला 'मोटोरिक' म्हणतात. डिंगरला ते नाव मुळीच आवडायचं नाही.

१९७३. दुसरा अल्बम. एक बाजू भरली आणि पैसे संपले. आता? 'नॉयश्ने' आणि 'सुपर' ही दोन गाणी आधी सिंगल म्हणून निघाली होती. तीच पुन्हा घेतली. एकदा तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने पळवून, एकदा १६च्या वेगाने रखडवत. एक तर कॅसेट प्लेअरमध्ये पार वेडंवाकडं करून. झाली दुसरी बाजू तयार!

विकत घेणाऱ्यांना ही शुद्ध फसवणूक वाटली. पुढे रीमिक्सचा जमाना आला आणि तिलाच द्रष्टेपण म्हणायला लागले. खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं सलग ऐकवत नाही. पण १६च्या वेगातला 'सुपर' मात्र एकदा मोठ्या आवाजात लावून बघाच.

१९७५च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत वाटा फुटल्या होत्या. रोटर फोर्स्ट गावी राहून 'हार्मोनिया' या दुसऱ्या बँडमध्ये वाजवत होता. या तबकडीची एक बाजू दोघांची, निवांत. दुसऱ्या बाजूला डिंगर स्वतः गिटार घेऊन ओरडतोय आणि मागे दोन ड्रमर, त्यातला एक त्याचा सख्खा भाऊ. त्यातलं 'हीरो' ऐका, पंक संगीत अजून यायचं होतं.

मग बँड संपला. पुढे हक्कांवरून दोघांचं इतकं बिनसलं की नव्वदच्या दशकात सीडी मिळायच्या त्या चोरट्याच. अधिकृत आवृत्ती यायला २००१ साल उजाडलं. डिंगर २००८मध्ये गेला. रोटर आजही ही गाणी मंचावर वाजवतो.